काचेत न मावलेला मासा

दुकानात तो बोटाएवढा असतो. अंगाला शेंदूर फासावा आणि पाठीवर चुन्याची तीन-चार बोटे ओढावीत, तसा रंग. दर पट्ट्याला काळी किनार. घरी आणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला की पहिल्याच रात्री तो बेपत्ता होतो. मालक फिल्टर उघडून बघतो, खडक हलवून बघतो, टाकीमागची फरशीही बघतो, कारण झाकण उघडे राहिले तर उडी मारण्यात हा मासा पटाईत. मग मेला असे धरून हळहळत झोपी जातो. मासा मात्र वाळूत असतो. दिवस कलला की डोके खुपसून, अंगाला दोन झटके देऊन तो वाळूखाली शिरतो आणि सकाळी काही झालेच नाही अशा थाटात बाहेर येतो. पॅसिफिकच्या पलीकडून विमानाने आला असेल तर पहिले काही दिवस तो आपल्या मूळ गावच्या घड्याळाने चालतो आणि भर दुपारीही निजायला जातो.

हा ‘कोरिस’. रॅस नावाच्या मोठ्या कुळातला. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. काही करंगळीएवढ्या, तर काही माणसापेक्षा लांब. मराठीत या कुळाला सर्वांच्या तोंडी बसलेले नाव नाही. ही मुख्यतः खडकांवर आणि प्रवाळांत राहणारी मंडळी. गढूळ पाण्याच्या कोकणपट्टीवर बाजारच्या टोपलीत सुरमई, बांगडा, पापलेट यांच्या रांगेत ती बसत नाहीत.

दुकानातल्या त्या शेंदरी पिलाचे पुढे काय होते, हे शास्त्रज्ञांनाही बराच काळ उमगले नव्हते. फिलिबेर कॉमेरसाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बूगँव्हिल या दर्यावर्दीच्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, वाटेत मॉरिशसला उतरला आणि १७७३ मध्ये तिथेच वारला. त्याची टिपणे आणि चित्रे पॅरिसला पोचली. त्यांच्या आधाराने लासेपेद या निसर्गशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये ‘कोरिस आयगुला’ हा मासा जगापुढे मांडला. त्याच ग्रंथात त्याने ‘कोरिस अँग्युलेटस’ असे आणखी एक नाव दिले. पुढे कळले की दोन्ही मासे एकच. नाव देणारा एक, मासा एक, नावे दोन!

त्यात लासेपेदचा दोष फारसा नाही. आयगुलाचे पिलू पांढुरके असते, पुढच्या भागावर काळे ठिपके, पाठीवर दोन ठळक नारिंगी डाग आणि त्यांच्या वर डोळ्यांसारख्या दोन खुणा. मोठा नर गडद हिरवा, कपाळावर टेंगूळ, लांबी चार फुटांपर्यंत. बापलेकांना शेजारी ठेवले तरी नाते ओळखू येणार नाही. ‘कोरिस गेमार्ड’ या भाईबंदाची तीच गत. १८२४ मध्ये मोठ्या माशाला हे नाव मिळाले आणि काही वर्षांनी त्याच्या शेंदरी पिलाला ‘ग्रीनोव्ही’ म्हणून वेगळी जात ठरवण्यात आले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या माशांची चित्रे जे. डब्ल्यू. बेनेट याने १८३० च्या सुमारास छापली. त्यातला देखणा ‘कोरिस फॉर्मोसा’ आज ‘क्वीन कोरिस’ म्हणून विकला जातो. तो दोन फुटांपर्यंत वाढतो.

रंगाचा घोळ कमी होता म्हणून की काय, या कुळात लिंगही बदलते. बहुतेक रॅस मासे मादी म्हणून आयुष्य सुरू करतात आणि मोठेपणी त्यांतले काही नर होतात. कॉमेरसाँचा मदतनीस म्हणून जहाजावर पुरुषी कपड्यांत वावरलेली जान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री मानली जाते. योगायोगच, पण या माशाच्या चरित्रात तो शोभून दिसतो.

शास्त्रज्ञांचा घोळ मिटत गेला. घरी मासे पाळणाऱ्यांचा आजही मिटलेला नाही, आणि त्याची मुळे शोधायला लंडनला जावे लागते.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. दुसऱ्याच वर्षी अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्की या किनारी गावातून प्रवाळजीव लंडनला आणले. त्यांना जिवंत ठेवण्यासाठी भांड्यातले समुद्राचे पाणी रोज वरून ओतून ढवळले जाई; आजचा हवेचा पंप जे काम करतो ते तेव्हा घरातली मोलकरीण करी. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये पाणवनस्पती, गोगलगाय आणि मासे यांचा एकमेकांवर चालणारा संसार मांडून दाखवला. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिबागेत लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो त्याच्यामुळे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी मीठ आणि इतर क्षार मिसळून खारे पाणी बनवण्याची कृतीही त्याने दिली.

मग वेड पसरले. बायाबापड्या, पाद्री, शाळकरी पोरे, सगळे बरण्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले. खडकांमधली डबकी इतकी ओरबाडली गेली की गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आत्मकथेत त्या नासाडीचे खापर वडिलांच्या पुस्तकांवरही फोडले.

समुद्रफुले आणि खेकडे वॉरिंग्टनच्या संसारात नांदले. मोठा मासा नांदेना. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा बॅलन रॅस घ्या. हाही दोन फुटांपर्यंत जातो, शिंपले-खेकडे कडाकडा फोडून खातो, आणि एवढे खाल्ल्यावर पाण्यात अमोनियाही तेवढाच सोडतो. चार शेवाळाच्या काड्या त्याला पुऱ्या पडणार नव्हत्या. विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसाने यावर वेगळा तोडगा काढला. हा मूळचा दुकानदार. लंडनमध्ये त्याने समुद्री जीव आणि टाक्या विकल्या, १८६४ मध्ये हॅम्बुर्गचे मत्स्यालय उभारण्यात हातभार लावला आणि १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचे. त्याने दाखवण्याच्या टाक्या लहान ठेवल्या आणि त्यांच्याखाली कित्येक पट मोठा अंधारा, थंड हौद बांधला. पाणी पंपाने रात्रंदिवस वरखाली फिरत राही. हे का जमते, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये दिले: सांडपाणी वाळूतून झिरपवताना अमोनियाचे नायट्रेट होते, आणि हे काम सूक्ष्मजीव करतात. लॉइडच्या हौदात ते आधीपासूनच राबत होते. आज शौकिनांच्या टाकीखाली कपाटात दडवलेली ‘संप’ नावाची दुसरी टाकी ही त्या हौदाचीच नात.

आपल्याकडे मुंबईत चर्नी रोडसमोर, मरीन ड्राइव्हवर, १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. खर्च सुमारे आठ लाख. त्यातले दोन लाख दा. ब. तारापोरवाला यांच्या देणगीचे. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, इथल्या काचेला नाक लावून. घरी परतल्यावर हट्ट मात्र गोल्डफिशचा होई, कारण खारे पाणी घरात टिकवणे तेव्हा कुणाच्या आवाक्यात नव्हते.

ते आवाक्यात आणले त्यात जकार्ताच्या ली चिन एंग यांचा मोठा वाटा. १९६१ मध्ये त्यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली: समुद्रातून जिवंत खडक आणा, वाळू घाला, हवेचे बुडबुडे सोडा, बाकीचे खडकातले जीव बघून घेतील. त्याच सुमारास तयार समुद्री मीठ डब्यांतून विकले जाऊ लागले आणि प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मनिलाचे मासे विमानाने अमेरिकेला पोचू लागले. पिशवी जेवढी लहान तेवढे भाडे कमी. म्हणून पिलेच निघाली. शेंदरी पिलू खपण्याचे हे साधे व्यापारी कारण.

ते पिलू मोठे झाले की ली यांच्या पद्धतीचे वाटोळे करते. शिंपला दिसला की मासा तो फोडतो, गोगलगाय दिसली की उलटी करून गिळतो, खाली काय आहे हे बघायला मुठीएवढे खडक तोंडाने उलथतो. प्रवाळ जपणाऱ्याच्या टाकीत हा मासा म्हणजे बागेत सोडलेला बोकड. चार फुटी टाकी मोठ्या कोरिसला अपुरी पडते. मालक तो दुकानात परत न्यायला बघतो, आणि दुकानदार हात जोडतो.

मासे पकडण्याची रीतही स्वच्छ नव्हती. प्रवाळाच्या फटीत शिरलेला मासा जाळ्यात येत नाही, म्हणून फिलिपिन्समध्ये साठच्या दशकात सोडियम सायनाइड पाण्यात विरघळवून बाटलीतून फटीत मारायला सुरुवात झाली. मासा गुंगतो, हाती लागतो, पुष्कळदा नंतर दगावतो; सभोवतालचे प्रवाळही मरते. १९७५ च्या फर्मानाने विष वापरून मासेमारी करायला तिथे बंदी आली. पद्धत मात्र इंडोनेशियापर्यंत पसरली. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा समुद्रातून प्रवाळ काढून दिवाणखाना सजवणे हा सरळ गुन्हा ठरतो.

सायनाइडचा सर्वांत मोठा घाव या कुळाच्या थोरल्यावर पडला. नेपोलियन रॅस, कपाळावरचा उंचवटा नेपोलियनच्या टोपीसारखा म्हणून हे नाव. रुपेल या निसर्गशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तांबड्या समुद्रातून त्याचे वर्णन केले. दोन मीटरहून लांब, दीडशे किलोच्या पुढे वजन, तीस वर्षांचे आयुष्य. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या पाण्यात तो आहे. मोठ्या मत्स्यालयांच्या प्रचंड टाक्यांत तो डौलात फिरतो, पण त्याची खरी बाजारपेठ काचेच्याच दुसऱ्या पेटीत आहे: हाँगकाँगच्या हॉटेलांतल्या टाकीत, जिथून गिऱ्हाईक बोटाने मासा दाखवते आणि तो ताटात येतो. ताटात मावावा म्हणून तिथेही पिलेच हवी असतात, वयात येण्याआधीची. २००४ मध्ये या माशाचे नाव वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले आणि परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

परवाना कागदावर असतो, मासा पाण्यात. एका परवान्यावर किती मासे विकले गेले हे कसे ओळखायचे? नेपोलियनच्या डोळ्यामागे रेषांची नक्षी असते आणि ती प्रत्येक माशाची वेगळी असते. हाँगकाँगच्या संशोधकांनी मोबाइलवरचे एक अ‍ॅप त्यावरूनच तयार केले आहे. टाकीतल्या माशाच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा. गेल्या वेळी पाहिलेला मासा हाच, की तो ताटात गेला आणि त्याच्या जागी दुसरा आणून सोडला, हे त्यावरून कळते.