‘एरोटिकॉन’ (१९२०) : स्वीडिश विनोदपट आणि विवाहसंस्थेतील स्थित्यंतर

प्रस्तावना : स्वीडिश मूकपट म्हटले की बर्फाच्छादित निसर्ग आणि सेल्मा लागरलॉफ यांच्या कथांवरील गंभीर चित्रपट अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर येतात. मॉरिट्झ स्टिलर यांचा १९१९ चा ‘हेर आर्नेस पेंगार’ याच परंपरेतील होय. त्याच दिग्दर्शकाने पुढच्याच वर्षी ‘एरोटिकॉन’ हा नागर, खेळकर चित्रपट निर्माण केला. विनोदपटास इतिहासाचे साधन मानण्यास आपण सहसा कचरतो. प्रस्तुत लेखात हा चित्रपट तत्कालीन विवाहविषयक कायद्यांच्या संदर्भात तपासला आहे.

कथानक : चित्रपट हंगेरियन लेखक फेरेन्स हेर्त्सेग यांच्या नाटकावर आधारित आहे. कीटकशास्त्राचे प्राध्यापक लिओ शार्पांतिए भुंगेऱ्यांच्या प्रणयजीवनावर व्याख्याने देतात. स्वतःच्या संसारात काय चालले आहे, याचा मात्र त्यांना पत्ता नसतो. पत्नी इरेन पतीच्या मित्रावर, प्रेबेन या शिल्पकारावर अनुरक्त आहे. बॅरन फेलिक्सही तिच्या मागे असून तो तिला विमानातून फिरवून आणतो. प्राध्यापकांच्या खाण्यापिण्याची काळजी वाहते ती नात्यातील तरुणी मार्थे. अखेरीस विवाह मोडतो. इरेन प्रेबेनकडे जाते आणि प्राध्यापक मार्थेच्या सहवासात समाधानी होतात. कोणासही शिक्षा होत नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी : हा शेवट केवळ दिग्दर्शकाचा खोडकरपणा नव्हे. स्वीडनमध्ये १९१५ च्या कायद्याने पती-पत्नींतील तीव्र व कायमच्या बेबनावास वैवाहिक बंधनातून सुटकेचा आधार मानले. दोष सिद्ध करणे हा एकमेव मार्ग उरला नाही. १९२० च्या विवाहसंहितेने पत्नीवरील पतीचे कायदेशीर पालकत्व रद्द केले. चित्रपट ८ नोव्हेंबर १९२० रोजी प्रदर्शित झाला आणि ही संहिता १ जानेवारी १९२१ पासून अमलात आली. १९२१ मध्येच स्त्रियांनी संसदीय निवडणुकीत प्रथम मतदान केले. घटस्फोट हा पापाचा नव्हे, तर सामंजस्याचा विषय ठरू शकतो, हा विचार प्रेक्षकांना सर्वस्वी अपरिचित नव्हता.

मर्यादा : तथापि, चित्रपटास समाजाचा आरसा मानणे घाईचे ठरेल. मूळ नाटक परदेशी आहे आणि पात्रे सुखवस्तू वर्गातील आहेत. शेतमजूर वा कामगार स्त्रीचा संसार येथे दिसत नाही. इरेनचे स्वातंत्र्यही एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाण्यापुरतेच आहे आणि मार्थेचे मोल तिच्या गृहकौशल्यावरून ठरते. नव्या संहितेचा गाभा असलेला पत्नीच्या मालमत्तेवरील अधिकाराचा प्रश्न पडद्यावर येतच नाही.

समारोप : सारांश, ‘एरोटिकॉन’ विवाह मोडण्याचे भय हसण्यावारी नेतो, परंतु विवाहातील सत्तेच्या वाटणीविषयी मौन बाळगतो. कायदा जेथे पोहोचला होता, तेथे विनोद पोहोचला नाही. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने विनोदपटातील हशाइतकेच त्यातील मौनही नोंदविणे आवश्यक आहे.