परळची प्रयोगशाळा आणि पाकूरचा जमीनदार

प्लेगची लस प्लेगच्या जंतूंपासूनच तयार होते. ते रश्शांत वाढवावयाचे, मग मारावयाचे, आणि तो मृत रस माणसाच्या दंडांत टोचावयाचा. हाफकीन यांनीं ही लस मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजांत सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःसच टोचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, व १९२५ पासून तिला त्यांचेंच नांव मिळालें. मेलेल्या जंतूंची लस पुरवावयाची, तर जिवंत जंतु घरांत बाळगणें प्राप्त होतें. लोकांचे प्राण वांचविणाऱ्या या वास्तूंत, कांचेच्या नळ्यांत, प्राण घेणारें द्रव्यही असे. म्हणूनच तें कोणाच्या हातीं द्यावें यासंबंधीं तेथील नियम कडक होते.

मे १९३२ मध्यें या संस्थेस कलकत्त्याहून एक तार आली. प्रयोगासाठीं प्लेगचे जहाल जंतु पाठवावे, अशी तींत मागणी होती. तार करणारा डॉ. तारानाथ भट्टाचार्य हा जंतुशास्त्र जाणणारा डॉक्टर होता. संस्थेनें सरळ उत्तर दिलें: बंगालच्या सर्जन-जनरलची परवानगी आणावी. ती आलीच नाहीं. दफ्तरी कारभाराची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्या दिवशीं त्या रुक्ष उत्तरानें एका तरुणाचें आयुष्य दीड वर्षानें वाढविलें.

तो तरुण म्हणजे अमरेंद्रचंद्र पांडे. संथाळ परगण्यांतील पाकूरच्या जमीनदार घराण्याचा हा धाकटा वारस. वडील १९२९ सालीं वारले. थोरला सावत्र भाऊ बिनयेंद्र सर्व मालमत्तेचा कारभार पाहूं लागला, आणि अमरेंद्र वयांत येऊन आपला वांटा मागूं लागतांच तो त्याच्या डोळ्यांत सलूं लागला. १९३२ सालींच देवघर येथें बिनयेंद्रानें भावाच्या नाकावर एक चष्मा असा दाबून बसविला कीं कातडी सोलली गेली. पुढें अमरेंद्रास धनुर्वात झाला. धनुर्वातावरील सीरम मिळालें म्हणून तो वांचला. तारानाथ हा या बिनयेंद्राचाच मित्र.

सरळ दार बंद झालें तेव्हां दोघांनीं बाजूचीं दारें ठोठावलीं. तारानाथानें आपणांस प्लेगवर औषध सांपडल्याचें सांगून कलकत्त्यांतील एका नामांकित डॉक्टराची शिफारस मिळविली. त्या शिफारशीवरून परळहून जंतु आलेही. पण ते वाढले नाहींत. मग १९३३ सालीं बिनयेंद्र स्वतः मुंबईस आला. संस्थेशीं संबंध असलेल्या दोघां पशुवैद्यांना त्यानें पैशाचा मोह दाखविला. तेथें डाळ शिजली नाहीं. शेवटीं आर्थर रोडवरील सांथीच्या रोगांच्या रुग्णालयांत त्याला वाट सांपडली. (हेंच आजचें कस्तुरबा रुग्णालय.) तेथील प्रमुखांकडे त्यानें आर्जव केलें, आणि तारानाथास तेथें काम करण्याची मोकळीक मिळाली. रुग्णालयानें मागितल्यावर परळच्या संस्थेनें जंतु दिले. रुग्णालयावर अविश्वास तिनें कां दाखवावा?

या ठिकाणीं थोडें थांबणें अवश्य आहे. नाटकांतला खलपुरुष शास्त्रज्ञाच्या छातीवर पिस्तूल रोखतो. बिनयेंद्राला तसें कांहींच करावें लागलें नाहीं. घरंदाज श्रीमंतीचा दिमाख, सोबत पदवीधर डॉक्टर, आणि तोंडीं 'प्लेगवरील औषध' हा मंत्र, एवढें पुरे झालें. १८९६ पासून ज्या शहरानें प्लेगांत घरेंच्या घरें ओस पडलेलीं पाहिलीं, तेथील वैद्याला त्या औषधाची वार्ता ऐकून नकार देणें किती कठीण! लांच नाकारणारा मनुष्यही परोपकाराच्या विनवणीपुढें नमतो. बिनयेंद्राची खरी धूर्तता ही होती कीं त्यानें सज्जनांच्या सज्जनपणावरच भार टाकला.

जुलै १९३३ मध्यें तारानाथानें आर्थर रोडवर काम आरंभिलें. बाजारांतून उंदीर विकत आणले गेले, त्यांना जंतु टोचले गेले, आणि उंदीर मेले. १२ जुलैस त्यानें काम एकाएकीं आवरतें घेतलें, व दोघेही कलकत्त्यास परतले. औषध शोधणाऱ्याचें काम उंदीर मेल्यावर सुरू होतें. याचें तेथेंच संपलें. हा विसंगतपणा त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आला असता तर! पण पाहुणा लवकर गेला म्हणून यजमान सहसा चौकशी करीत नाहीं.

२६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्टेशनच्या गर्दींत, पाकूरची गाडी गांठण्यास निघालेल्या अमरेंद्राला खादी ल्यालेला एक ठेंगणा, काळासांवळा इसम घासून गेला, आणि दंडांत कांहीं टोंचल्यासारखें झालें. नातेवाईक म्हणाले, थांबूं या, रक्त तपासून घेऊं. स्टेशनवर अवचित हजर झालेल्या बिनयेंद्रानें ती गोष्ट हंसण्यावारी नेली आणि प्रवास लांबवूं दिला नाहीं. थोड्याच दिवसांत अमरेंद्र तापानें फणफणत कलकत्त्यास परत आला. ४ डिसेंबरला तो वारला. प्रथम न्यूमोनिया ठरला. परंतु आजारपणांत घेतलेल्या रक्ताची तपासणी पूर्ण झाली तेव्हां त्यांत प्लेगचे जंतु निघाले. कलकत्त्यांत तीन वर्षांत प्लेगचा एकही रोगी आढळला नव्हता. सुदैवानें रोग पुढें पसरला नाहीं. भावाचा कांटा काढतांना सारें शहर पणास लागत होतें, याची क्षिति मारणाऱ्यांस नव्हती.

फेब्रुवारी १९३४ मध्यें बिनयेंद्रास अटक झाली. पोलिसांचा तपास मुंबईस आला आणि येथेंच त्याला बळ मिळालें: हॉटेलाच्या वहींतील नोंद, उंदरांच्या दुकानाची पावती, प्रयोगशाळेस केलेल्या तारा. ज्या दफ्तराला चुकवून जंतु नेले, त्याच जातीच्या कागदांनीं साक्ष दिली. बिनयेंद्र व तारानाथ यांना फांशीची शिक्षा झाली. जानेवारी १९३६ मध्यें कलकत्ता हायकोर्टानें ती जन्मठेप काळ्या पाण्याची केली. आणखी दोन डॉक्टर आरोपी होते, ते सुटले. हावड्याच्या गर्दींतला तो खादीधारी इसम मात्र कधींच हातीं लागला नाहीं.