हेरपटांच्या ध्वनिमुद्रिका : संग्रह, तुलना आणि इतिहाससाधन म्हणून मर्यादा

प्रस्तावना

हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासलेखनात ध्वनिमुद्रिका हे सर्वांत सुलभ व विश्वसनीय साधन मानले जाते. तबकडीवर चित्रपटाचे नाव, गायक, गीतकार व संगीतकार यांची नोंद असते. क्रमांकावरून तिचा काळही बहुधा ठरविता येतो. तथापि हेरपट, म्हणजेच गुप्तहेर नायक असलेला चित्रपट, या एका प्रकारापुरता विचार केल्यास हे साधन अभ्यासकाची दिशाभूल करण्याचीच शक्यता अधिक आहे. हेरपटाला हेरपटपण देणारे संगीत, म्हणजे शीर्षकसंगीत, पाठलागाचे व संशयाच्या प्रसंगांचे पार्श्वसंगीत, हिंदी ध्वनिमुद्रिकेवर क्वचितच आले. जे आले ती गाणी होती. गाणी हेरपटाची असली तरी हेरगिरीशी त्यांचा संबंध बहुधा नसे. या विसंगतीचा विचार केल्याविना हेरपटांच्या ध्वनिमुद्रिका गोळा करून त्यांची तुलना करणे म्हणजे तबकडीवरून चित्रपट ऐकल्याचा भास करून घेणे होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या संदर्भात केली आहे.

पाश्चात्त्य ‘साउंडट्रॅक अल्बम’ : मूळ नमुना

हेरपटांच्या संगीताचा जागतिक मापदंड ‘डॉक्टर नो’ (१९६२) या चित्रपटापासून सुरू झालेल्या जेम्स बाँड मालिकेने घालून दिला. बाँडची सुप्रसिद्ध धून मॉन्टी नॉर्मन यांच्या नावावर असून तिचे वाद्यसंयोजन जॉन बॅरी यांचे आहे. या धुनेचे मूळ भारतीय अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या समाजावरील कादंबरीवर एक संगीतिका रंगभूमीवर आणण्याचे योजिले होते. ती कधी उभी राहिली नाही. मात्र तिच्यासाठी नॉर्मन यांनी रचलेल्या एका गीताची चाल बाँडच्या धुनेत उतरली. पुढे धुनेच्या कर्तृत्वाचा वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला आणि २००१ साली नॉर्मन यांच्या बाजूने निकाल लागून त्यांना ३०,००० पौंडांची भरपाई मिळाली. ‘ऑक्टोपसी’ (१९८३) या चित्रपटात उदयपूरच्या दृश्यात विजय अमृतराज गारुड्याच्या वेषात पुंगीवर हीच धून वाजवितात. तो विनोद म्हणून योजिलेला प्रसंग धुनेच्या वंशावळीच्या दृष्टीने फारसा विनोदी राहत नाही.

पाश्चात्त्य अल्बममध्ये वाद्यसंगीतास प्राधान्य असते, यावरून तो चित्रपटाचा विश्वासू आरसा असतो असा समज करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. ‘डॉक्टर नो’च्या तबकडीवर जमैकातील गाण्याबजावण्याच्या रचनांचा भरणा असून चित्रपटातील बरेचसे पार्श्वसंगीत तिच्यात नाही. ‘गोल्डफिंगर’ (१९६४) या चित्रपटाची तबकडी अमेरिकेत १९६५ साली विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. परंतु ब्रिटनमध्ये निघालेल्या त्याच नावाच्या तबकडीवरील चार वाद्यरचना अमेरिकन आवृत्तीत वगळलेल्या होत्या. म्हणजे दोन संग्राहकांकडे ‘गोल्डफिंगर’ असले तरी दोघांकडे एकच वस्तू असेलच असे नाही. या मालिकेच्या तबकड्या २००३ साली सुधारित ध्वनिगुणवत्तेसह पुन्हा काढण्यात आल्या, तेव्हा काही अल्बममध्ये वगळलेल्या रचना प्रथमच समाविष्ट झाल्या. अल्बम हा सर्वत्र प्रकाशकाने केलेला वेचा असतो, ही बाब येथे लक्षात घ्यावयाची आहे.

‘फर्ज’ आणि ‘आँखे’ : गाणे हेच एकक

हिंदीत हेरपटांची लाट १९६२ व १९६५ या दोन युद्धांनंतर आली. शत्रुराष्ट्राचे हस्तक, सीमेवरील घातपात आणि त्यांचा बीमोड करणारा तरुण सरकारी हेर ही कथावस्तू त्या काळातील लोकभावनेशी जुळणारी होती. रविकांत नगाइच दिग्दर्शित ‘फर्ज’ (१९६७) मध्ये जितेंद्र एजंट ११६च्या भूमिकेत होते. तो ‘गूढचारी ११६’ (१९६६) या तेलुगू चित्रपटाचा हिंदी अवतार होता. तेलुगू चित्रपटाचे संगीत टी. चलपती राव यांचे, तर हिंदीचे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेली, संगीतकार मात्र बदलला. दोन्ही चित्रपटांच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकणे हा तुलनेचा उत्तम विषय आहे. मराठी अभ्यासकांनी तो हाती घ्यावयास हवा, कारण लक्ष्मीकांत कुडाळकर हे या जोडीतील मराठी संगीतकार होत.

‘फर्ज’ची तबकडी आज ऐकणाऱ्यास ती हेरपटाची आहे हे सांगितल्याविना कळणार नाही. तिच्यातील महंमद रफी यांनी गायिलेले वाढदिवसाचे गाणे आजही खेड्यापाड्यांत केक कापताना वाजते. ते एका गुप्तहेराच्या चित्रपटातील आहे याची वाजविणाऱ्यांपैकी कितींना कल्पना असेल, याविषयी शंकाच आहे. रामानंद सागर यांच्या ‘आँखे’ (१९६८) या चित्रपटाची गाणी साहिर लुधियानवी यांची व संगीत रवी यांचे. त्यात सीमारक्षणाचे आवाहन करणारे एक देशभक्तिपर गीत आहे, हा अपवाद महत्त्वाचा. याच वर्षी, सप्टेंबर १९६८मध्ये, भारत सरकारने ‘रॉ’ ही परराष्ट्रविषयक गुप्तवार्ता संस्था स्थापन केली. उर्वरित गाण्यांत प्रेमगीते आहेत. चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला ब्रास वाद्यांचे आघात, विजेरी गिटार आणि बोंगो यांतून जो ताण अनुभवास येत असे, तो त्याला घरी नेता येत नव्हता.

याचे कारण व्यापारी व तांत्रिक असे दुहेरी होते. १९६०च्या दशकात चित्रगीतांच्या बाजारपेठेवर ग्रामोफोन कंपनीच्या ‘एचएमव्ही’ या मुद्रेचे जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे सव्वातीन मिनिटे मावत. ४५ फेऱ्यांच्या ईपीवर बहुधा चार गाणी येत. एवढ्या जागेत गाणी बसविणेच कठीण, तेथे पाठलागाच्या संगीताला कोण विचारतो? गाण्यांनाही कात्री लागे. चित्रपटात असलेला अंतरा तबकडीवर नाही, असा अनुभव प्रत्येक संग्राहकास येतो. एलपीचा प्रसार झाल्यावर क्वचित एखादा शीर्षकसंगीताचा तुकडा तबकडीवर दिसू लागला, इतकेच. संदर्भग्रंथांनीही हेच एकक स्वीकारले. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हा दशकवार खंडांचा प्रचंड उद्योग तबकड्यांच्या क्रमांकांसह उपलब्ध आहे आणि त्याचे ऋण प्रत्येक अभ्यासकाने मान्य केले पाहिजे. पण तो गीतांचा कोश आहे. ज्या संगीतावर शब्द नाहीत त्याला त्यात स्थान असण्याचे कारण नाही.

‘एजंट विनोद’ : लेबलावरील दोन नावे

विदर्भाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाची तबकडी राजश्री संस्थेच्या ‘एजंट विनोद’ (१९७७) या चित्रपटाची होय. दीपक बहरी दिग्दर्शित या चित्रपटात महेंद्र संधू नायक होते आणि संगीत ‘राम-लक्ष्मण’ यांचे होते. या जोडीतील लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) या मराठी चित्रपटाने या जोडीला पहिली संधी मिळाली आणि ‘राम-लक्ष्मण’ हे नावही कोंडके यांनीच दिले. ‘एजंट विनोद’चे काम हाती आल्यानंतर अल्पावधीतच राम, म्हणजे सुरेंद्र, यांचे निधन झाले. पाटील यांनी पुढील सर्व कारकीर्द दिवंगत सहकाऱ्याचे नाव आपल्या नावापुढे कायम ठेवून केली. ‘मैने प्यार किया’ (१९८९) आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटांनी ते नाव घराघरांत पोहोचले, तेव्हा त्या जोडीतील एकच संगीतकार हयात होता. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना जाहीर झाला. २२ मे २०२१ रोजी नागपूर येथेच त्यांचे निधन झाले.

केवळ तबकड्यांवर विसंबून राहणाऱ्या इतिहासकाराने राम-लक्ष्मण यांचे वर्णन दोन दशके एकत्र काम करणारी जोडी असे केले, तर त्याला दोष देता येणार नाही. लेबल तेच सांगते. येथे साधन खोटे नाही, पण त्याचा अर्थ दुसऱ्या साधनाविना लागत नाही. वाद्यसंयोजक व वादक यांच्या बाबतीत तर लेबल काहीच सांगत नाही. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांचा वाटा फार मोठा होता; व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलाल यांचे गुरू. हेरपटातील ट्रम्पेट व सॅक्सोफोन कोणी वाजविले हे शोधण्यासाठी तबकडी बाजूला ठेवून चित्रपटाची श्रेयनामावली, चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका आणि वादकांच्या मुलाखती यांकडे वळावे लागते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून असे साहित्य जपत आले आहे.

याच शीर्षकाचा ‘एजंट विनोद’ २०१२ साली श्रीराम राघवन यांनी काढला. नाव तेच, कथा व संगीत सर्वस्वी वेगळे. त्याची गाणी प्रीतम यांची. ‘विनोद’ नावाच्या दोन तबकड्यांची तुलना करण्याचा मोह संग्राहकास होतो. तिच्यातून एका चित्रपटाचा नव्हे, तर पस्तीस वर्षांतील बाजारपेठेचा इतिहास हाती लागतो.

पार्श्वसंगीताची किंमत भारतीय बाजारपेठेला कळली नाही, ती परदेशी संग्राहकांना कळली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कल्याणजी-आनंदजी यांच्या थरारपटांतील वाद्यसंगीत १९९८ साली अमेरिकेत ‘बॉम्बे द हार्ड वे’ या अल्बमद्वारे संकलित झाले. तथापि त्यावर नवे ठेके चढविले होते आणि रचनांना मूळ चित्रपटांच्या नावांऐवजी विनोदी शीर्षके दिली होती. ऐकावयास तो रंजक आहे. साधन म्हणून जवळजवळ निरुपयोगी. २००५ साली ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकन गटाने ‘अपराध’ (१९७२) व ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील याच जोडीच्या चालींवर आपले एक गाजलेले गाणे उभारले, तेव्हा जुन्या तबकड्यांकडे येथील तरुणांचेही लक्ष गेले.

फुलसावंगीसारखी गावे आणि लाउडस्पीकरची पेटी

आतापर्यंतची चर्चा शहरी संग्राहकाच्या कपाटाला धरून झाली. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने ध्वनिमुद्रिकांच्या जतनाचे मोलाचे कार्य केले. परंतु मराठी संग्राहकांची परंपरा मुख्यत्वे नाट्यसंगीत व ख्यालगायकी यांभोवती वाढली. तिच्या श्रेणीव्यवस्थेत हेरपटाची ईपी तळाशी असणे स्वाभाविक होते. अशा तबकड्या मुंबईच्या चोरबाजारात ढिगाने विकल्या गेल्या, त्या याच कारणाने.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावाचा विचार केल्यास चित्र निराळे दिसते. पुसद, उमरखेड आणि माहूर यांच्या परिसरातील या गावांत १९६०-७०च्या दशकांत चित्रपटाचे संगीत तीन मार्गांनी पोहोचत असे : आकाशवाणी, यात्रेतील तंबूची टुरिंग टॉकीज आणि लग्नमंडपातील लाउडस्पीकर. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची जाहिरातसेवा सुरू झाली. ‘फर्ज’ही त्याच वर्षीचा. ट्रान्झिस्टरवर ऐकू आले ते अर्थातच गाणे. घरी ग्रामोफोन असणे ही मोजक्या घरांची चैन होती. गावातील तबकड्यांचा खरा मालक म्हणजे लग्न, बारसे, गणपती यांना कर्णे भाड्याने देणारा लाउडस्पीकरवाला.

त्याची पेटी हा संग्रह नव्हता, ते व्यवसायाचे भांडवल होते. म्हणूनच तिचे ऐतिहासिक मोल वेगळे आहे. संग्राहक न वाजलेली, कोऱ्या वेष्टणातील प्रत शोधतो. इतिहासकाराला घासलेली प्रत हवी. ईपीच्या चार गाण्यांपैकी ज्या गाण्याचे खाचे पांढुरके पडले आहेत, ते मंडपात वारंवार मागितले गेले. बाकीची तीन तशीच चमकत असतील, तर तोही पुरावाच. विक्रीचे आकडे शहरातील दुकानाची आवड सांगतात. ही झीज गावाची आवड सांगते आणि दुसरा कोणताही दस्तऐवज ती सांगत नाही. वेष्टणावरील मालकाचा शिक्का वा पेनने लिहिलेला क्रमांक यांवरून तबकडी कोणत्या गावांतून फिरली याचाही माग लागू शकतो. संग्राहकांच्या बाजारात अशी प्रत ‘खराब’ या एका शब्दाने निकालात निघते. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि या पेट्या माळ्यावर गेल्या. लाख ठिसूळ होते, व्हिनाइल उन्हाने वाकते, आणि भंगारवाल्याला दोन्हींचा भाव सारखाच.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे सर्वेक्षण सहज करता येण्याजोगे आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुन्या लाउडस्पीकर व्यावसायिकांकडे जाऊन प्रत्येक तबकडीचा क्रमांक, झिजेची अवस्था, वेष्टणावरील खुणा आणि मालकाची आठवण यांची नोंद करावी. तबकडी विकत घेण्याची वा हलविण्याची आवश्यकता नाही. ध्वनीची प्रत काढून ती सार्वजनिक करण्याच्या बाबतीत मात्र कायद्याचे भान हवे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्यामुळे १९६७ साली प्रकाशित झालेल्या ‘फर्ज’च्या ध्वनिमुद्रणावरील हक्क २०२७ अखेर संपतील, ‘एजंट विनोद’वरील २०३७ अखेर. गीत व संगीतरचना यांचे हक्क वेगळे असून ते निर्मात्यांच्या हयातीशी व निधनवर्षाशी निगडित आहेत. झिजेच्या नोंदीवर मात्र कोणाचाच हक्क नाही, आणि ती करण्यासाठी २०२७ची वाट पाहण्याइतकी सवड माळ्यावरील पेट्यांना नाही.