जन्म एकीकडे, समाधी दुसरीकडे: परदेशात जन्मलेले ऑस्ट्रेलियन



गेल्या महिन्यात बडोद्याहून एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांचा मुलगा सिडनीत असतो, नुकताच तिकडचा नागरिक झाला. ते विचारतात, "कर्नलसाहेब, तुम्ही फौजेतले. खरं सांगा, मुलगा आता आपला राहिला की त्यांचा झाला?"

उत्तराआधी एक कबुली. माझी मुलगी मेलबर्नला आहे. तिने तिकडचं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी तिच्याशी दोन महिने धड बोललो नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. जो अशोकस्तंभ मी खांद्यावर मिरवला, तोच पोरीच्या पासपोर्टावरून जाणार, हे पचेना. तिच्या शपथविधीला मी गेलो नाही. गुडघेदुखीचं कारण सांगितलं.

पुढच्या वर्षी गेलो. मेलबर्नच्या युद्धस्मारकाच्या आवारात, 'श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स' म्हणतात त्याला, एक लहानसा पुतळा आहे. गाढवावर बसलेला एक जखमी सैनिक आणि त्याला आधार देऊन चालणारा दुसरा. माझी नोकरीची पहिली वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरच्या ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे खेचरांच्या कंपनीत गेली. साहजिकच माझी नजर आधी जनावरावर गेली, मग माणसावर. जावई म्हणाले, "बाबा, हा सिम्पसन. इथलं शाळेतलं पोरगंही त्याला ओळखतं." खोलात गेल्यावर कळलं की ऑस्ट्रेलियाचा हा लाडका वीर ऑस्ट्रेलियात जन्मलेलाच नव्हता. आज त्याची आणि त्याच्या आजूबाजूच्या काही माणसांची गोष्ट सांगतो.

त्याचं खरं नाव जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक. जन्म १८९२ चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्स गावचा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो समुद्रकिनाऱ्यावर मुलांना गाढवावरून फिरवायचं काम करायचा. पुढे व्यापारी जहाजावर लागला आणि १९१० मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसल बंदरात जहाज सोडून पळाला. मग चार वर्षं ऊसतोड, कोळशाची खाण, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणं, मिळेल ते काम केलं आणि आईला पैसे पाठवत राहिला. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियात भरती झाला. नाव लिहून दिलं नुसतं 'जॉन सिम्पसन'. पळून आलेला असल्यामुळे आडनाव गाळलं असावं, असं मानतात. फौजेबरोबर फुकटात इंग्लंडला पोहोचू आणि आईला भेटू, हा त्याचा हिशोब होता. पण जहाजं थांबली इजिप्तला, आणि तिथून निघाली ती तुर्कस्तानच्या गॅलिपोलीकडे.

२५ एप्रिल १९१५ ला पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं सैन्य, म्हणजे ॲन्झॅक, त्या किनाऱ्यावर उतरलं. सिम्पसन तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये होता, काम स्ट्रेचर वाहण्याचं. जागा कशी, तर पाठीशी समुद्र, समोर उभे कडे आणि कड्यांवर तुर्की सैन्य. पुढच्या मोर्चांपासून किनाऱ्यापर्यंत यायला एकच अरुंद घळ. तिच्या वरच्या भागाला मोनॅश व्हॅली आणि खालच्या भागाला श्रॅपनेल गली म्हणत. नावावरूनच कल्पना यावी, कारण श्रॅपनेल म्हणजे हवेत फुटून छर्रे सांडणारा तोफगोळा.

अशा वाटेवर एक स्ट्रेचर म्हणजे निदान दोन धडधाकट माणसं अडकली, आणि चढउतार तीव्र असेल तर चार. पण जखम पायाला असेल तर माणूस बसू शकतो. त्याला गाढवावर बसवलं की एकट्या माणसाचं काम झालं. किनाऱ्यावर लहानपणी गाढवं हाकलेल्या पोराच्या हे चटकन लक्षात आलं. त्याने एक गाढव धरलं आणि वर पाणी, खाली जखमी अशा खेपा सुरू केल्या. युनिटपासून तो वेगळाच राहू लागला. काटेकोर बघायचं तर ही बेशिस्तच, पण काम होत होतं म्हणून अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली. मीही केली असती.

तो राहायचा कुठे? आपल्या लोकांत! गाढवाला चारा लागतो, आणि चारा असतो खेचरवाल्यांकडे. गॅलिपोलीत हिंदी फौजेच्या दोन पहाडी तोफखाना बॅटऱ्या होत्या, कोहाट आणि जेकब्स. त्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादत. शिवाय दारूगोळा आणि पाणी वर पोहोचवणाऱ्या हिंदी खेचर कंपन्या होत्या. सिम्पसन कोहाट बॅटरीच्या तळावर मुक्कामाला असायचा, त्यांच्यातच जेवायचा. आपले जवान त्याला 'बहादूर' म्हणत. त्याच्या स्वतःच्या लोकांना त्याचं खरं आडनाव माहीत नव्हतं, पण आपल्या जवानांनी त्याला एक नाव देऊन टाकलं होतं.

चोवीस दिवस हे चाललं. १९ मे ला तुर्कांनी सुमारे ४०,००० सैन्यानिशी मोठा हल्ला चढवला. त्या सकाळी जखमींना आणताना मशीनगनच्या माऱ्यात सिम्पसन ठार झाला. वय बावीस. त्याला तिथेच किनाऱ्याजवळ पुरलं.

आता जरा सावध राहू. त्याने शेकडो माणसं वाचवली असं सांगतात, त्या आकड्यांना कागदोपत्री आधार नाही. त्याचं म्हणून गाजलेलं चित्रही एका फोटोवरून काढलं होतं, आणि फोटोतला माणूस निघाला न्यूझीलंडचा डिक हेंडरसन, सिम्पसननंतर तेच काम करणारा दुसरा स्ट्रेचरवाला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा अशी मागणी फार वर्षं होती. २०१३ मध्ये सरकारी चौकशीचा निष्कर्ष आला की तो शूर होताच, पण त्याच्या फील्ड ॲम्ब्युलन्सचे इतर स्ट्रेचरवालेही तितकेच शूर होते. पदक मिळालं नाही. फौजी म्हणून मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याने सिम्पसन लहान होत नाही, बाकीचे दिसू लागतात.

त्या बाकीच्यांपैकी एक जनरल होता. पहिल्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचा कमांडर मेजर जनरल विल्यम ब्रिजेस. याचा जन्म १८६१ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. काही शिक्षण कॅनडाच्या मिलिटरी कॉलेजात, आणि १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात. १९११ मध्ये डंट्रूनला रॉयल मिलिटरी कॉलेज सुरू झालं, त्याचा पहिला कमांडंट हाच. आपल्या डेहराडूनच्या आयएमएचं जे स्थान, तेच तिकडे डंट्रूनचं. १९१४ मध्ये परदेशी पाठवायची फौज उभी करायचं काम त्याच्याकडे आलं आणि तिला 'ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्स' हे नाव त्यानेच दिलं. ब्रिटिश पलटणींमध्ये तुकडे करून वाटून न टाकता ऑस्ट्रेलियन फौज एकत्रच लढली पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. हे सांगणारा माणूस स्कॉटलंडचा, हे लक्षात घ्या.

ब्रिजेसला १५ मे ला मोनॅश व्हॅलीत स्नायपरची गोळी मांडीत लागली. १८ मे ला रुग्णालयाच्या जहाजावर तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच घळीच्या वाटेवर सिम्पसन पडला. एक जनरल, एक शिपाई. दोघेही बाहेर जन्मलेले.

ब्रिजेसचा देह मायदेशी आणला गेला. पहिल्या महायुद्धात पडलेल्या ऑस्ट्रेलियनांपैकी हा मान दुसऱ्या कुणाला मिळाला तो थेट १९९३ मध्ये, अनामिक सैनिकाला. त्याचा घोडा सँडी, तोही परतला. युद्धावर पाठवलेल्या सुमारे १,३६,००० घोड्यांपैकी घरी आलेला तो एकटाच. जनावरांत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाक्य वाचून थोडं थांबावं लागतं.

कॅनबेराला डंट्रूनच्या टेकडीवर ब्रिजेसची समाधी आहे. तिचं आरेखन केलं वॉल्टर बर्ली ग्रिफिनने. हा अमेरिकन, शिकागोजवळ जन्मलेला. ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीच्या आराखड्याची जागतिक स्पर्धा त्याने १९१२ मध्ये जिंकली. त्याची बायको मॅरियन महोनी हीसुद्धा वास्तुविशारद, स्पर्धेची देखणी चित्रं तिच्या हातची. १९१३ मध्ये तो ऑस्ट्रेलियात आला, सरकारी बाबूंशी त्याचे खटके उडाले, १९२० मध्ये काम सुटलं. पण शहर त्याच्याच नकाशाच्या पायावर उभं आहे, आणि मधल्या तळ्याला त्याचं नाव आहे. आणि हा माणूस गेला कुठे? लखनऊला! विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी तो १९३५ मध्ये आला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये तिथेच वारला. लखनऊला माझं पोस्टिंग होतं तेव्हा मला याचा पत्ताही नव्हता. पुढे एका लग्नाला गेलो, तेव्हा मुद्दाम दफनभूमीत जाऊन आलो. १९८८ पर्यंत त्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता.

आता सरकारकडे बघा. युद्ध सुरू झालं तेव्हाचे पंतप्रधान जोसेफ कुक, जन्म इंग्लंड, लहानपणीच कोळशाच्या खाणीत गेलेले. सप्टेंबर १९१४ पासून अँड्र्यू फिशर, जन्म स्कॉटलंड, तेही खाण कामगार. ऑक्टोबर १९१५ पासून बिली ह्यूज, जन्म लंडन, एके काळी सिडनीत छोटं दुकान टाकून छत्र्या दुरुस्त करणारे. तिघेही १८८४-८५ च्या सुमारास पोटापाण्यासाठी आलेले. म्हणजे ज्या युद्धातून ऑस्ट्रेलिया हे वेगळं राष्ट्र आहे अशी भावना जन्मली, त्या युद्धाचे तिन्ही पंतप्रधान बाहेर जन्मलेले.

पण मंडळी, इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. हे दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं.

१९०१ च्या कायद्याने नको असलेल्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायला सांगत. भाषा निवडायची अधिकाऱ्याने. नापास झालात की बाहेर. १९०२ च्या कायद्याने आशियातून आलेल्यांना, आणि तिथल्या मूळच्या आदिवासींनाही, केंद्रीय निवडणुकीचं मतदान बंद केलं. तेव्हा ऑस्ट्रेलियन नागरिकत्व असं काही नव्हतंच, ते कायद्यात आलं १९४९ मध्ये. साउथ शील्ड्सचा सिम्पसन आणि सिमल्याचा नैन सिंग, दोघेही एकाच राजाचे प्रजाजन. पण एकाला फक्त भरतीच्या रांगेत उभं राहायचं होतं, आणि दुसऱ्याला आधी कातडीचा हिशोब द्यायचा होता, कारण फौजेत युरोपीय वंशाचीच माणसं घ्यायचा नियम होता.

तरी मोजके हिंदी लोक त्या फौजेत शिरले. नैन सिंग सैलानी त्यांतला एक. जन्म सिमल्याचा, पश्चिम ऑस्ट्रेलियात मजुरी करायचा. १९१६ मध्ये चाळिशी उलटल्यावर भरती झाला, ४४ व्या बटालियनमध्ये गेला आणि जून १९१७ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच महिन्यात ४३ व्या बटालियनचा सर्न सिंग पडला, तो पंजाबचा. दोघांनी ज्या देशासाठी जीव दिला, त्या देशात आशियातून आलेल्यांना मत नव्हतं.

हा अन्याय सुटायला पुण्याचाही हात लागला. गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांची बाजू त्यांनी सभांमधून मांडली. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या तिथल्या रहिवाशांना केंद्रीय मतदानाचा हक्क मिळाला. तिथल्या आदिवासींना मात्र सगळीकडे तो हक्क मिळायला १९६२ उजाडलं. जे तिथेच हजारो वर्षं जन्मत आले, त्यांचा नंबर शेवटी लागला.

तर बडोद्याचे काका, मला एवढं कळलं. माणूस कुठे जन्मला यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. तो कुणासाठी काय करतो हे बघावं लागतं, आणि ती माणसं त्याला आपल्यात मोजतात का हेही. सिम्पसन, ब्रिजेस, ह्यूज यांना लगेच मोजलं. नैन सिंगला मोजायला फार उशीर लागला. तुमच्या मुलाला आणि माझ्या मुलीला आज जे दार उघडं आहे, ते आपोआप उघडलेलं नाही.

आणि सिम्पसन ऑस्ट्रेलियाचा झाला म्हणून आईचा राहिला नाही, असं थोडंच झालं? शेवटपर्यंत त्याचा जीव साउथ शील्ड्सच्या घराकडेच होता.

पुतळा बघून आलो त्या संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, "तू शपथ घेतलीस ती वाचून दाखव. त्या दिवशी मी नव्हतो." तिने मोबाइलवर काढून वाचली. त्यात तिथल्या लोकांशी निष्ठा आहे, लोकशाहीवरचा विश्वास आहे, इतरांच्या हक्कांचा आदर आणि कायदा पाळणं आहे. जन्माचा उल्लेख कुठेही नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाबा, गुडघा कसा आहे आता?"

म्हटलं, "बरा आहे. तेव्हाही बराच होता."

पुढच्या भागात गॅलिपोलीतल्या आपल्या खेचरवाल्यांची गोष्ट, सविस्तर. तोवर जय हिंद.