ओहोटीची वेळ

१६ डिसेंबर १७७३. बोस्टनच्या ओल्ड साउथ सभागृहात तुम्ही अंग चोरून उभे आहात. गावाची वस्ती सोळा हजारांच्या घरात आणि आसपासच्या खेड्यांतली धरून पाचेक हजार माणसं आज इथे लोटली आहेत. ओल्या लोकरीचा वास, मोजक्या मेणबत्त्या, सज्जातून खाली वाकलेले चेहरे. सगळे वाट पाहताहेत फ्रान्सिस रॉचची. ‘डार्टमाउथ’ हे त्याच्या घराण्याचं जहाज. चहासकट ते परत न्यायचा परवाना मागायला तो मिल्टनला, गव्हर्नर हचिन्सन यांच्या घरी गेलाय. उद्या जहाजाचे वीस दिवस भरतात. मग जकातवाले माल जप्त करणार, चहा उतरणार आणि पौंडामागे तीन पेन्स वसूल होणार.

“पण चहा तर स्वस्त झालाय ना?” तुम्ही शेजारच्याला हळूच विचारता.

“स्वस्त झालाय म्हणूनच! तो प्यायलो की कर मान्य केल्यासारखं होतं. आमचा एकही माणूस त्या पार्लमेंटात नाही.”

हे नीट समजून घ्या. महागाईविरुद्धचा दंगा नव्हे हा. स्वस्त मिळणारी वस्तू ही माणसं नाकारताहेत. लंडनच्या वखारींत ईस्ट इंडिया कंपनीचा लाखो पौंड चहा पडून आहे, कंपनी कर्जात बुडालीय आणि तिला तारण्यासाठी पार्लमेंटने यंदा कायदा केलाय. बोस्टनमध्ये हा चहा विकायची मक्तेदारी ज्यांना मिळाली, त्यांत गव्हर्नरांचीच दोन मुलं आहेत.

रॉच येतो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. परवाना नाही. सॅम्युएल अ‍ॅडम्स उठून सांगतात, देश वाचवायला ही सभा आता आणखी काही करू शकत नाही. थोड्या वेळाने दाराकडून आरोळ्या उठतात आणि गर्दी तुम्हाला उचलून रस्त्यावर आणते.

ग्रिफिनच्या धक्क्याकडे जाताना कुणीतरी तुमच्या हातात कोळशाची पूड देतं. ती तोंडाला फासा. अंगावर घोंगडी घ्या. मोहॉक इंडियनांचं हे सोंग कच्चं आहे, जवळून पाहणारा सहज ओळखेल. पण आज कुणी कुणाला ओळखायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एवढं त्यातून सगळ्यांना कळतं.

धक्क्याला तीन जहाजं आहेत: डार्टमाउथ, एलिनॉर, बीव्हर. ठेंगणासा मोची जॉर्ज ह्यूज कप्तानाकडे जातो आणि मालखान्याच्या किल्ल्या आणि डझनभर मेणबत्त्या मागतो. कप्तान मुकाट्याने देतो. कप्पीवरून पेट्या वर येऊ लागतात. तुमच्या हातात कुऱ्हाड आहे. लाकूड फुटतं, आतला शिशाचा पत्रा फाटतो आणि चीनहून आलेल्या काळ्या चहाचा उग्र वास नाकात भरतो.

पेटीवर कंपनीची खूण पाहून तुमचा हात क्षणभर थबकेल. हीच ती कंपनी, जिच्या अमलाखाली तीनच वर्षांपूर्वी बंगाल दुष्काळाने उजाड झाला. साडेतीन महिन्यांपूर्वी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झालाय. राघोबादादा मार्च १७७५ मध्ये याच कंपनीच्या मुंबईकरांशी सुरतेचा तह करतील आणि पुढच्याच महिन्यात इथून जवळ, लेक्सिंग्टनला, बंदुका सुटतील. एकाच व्यापारी पेढीची सावली दोन्हीकडे पडली होती. मला ही गोष्ट अमेरिकेची म्हणून परकी वाटत नाही ती यामुळे.

ओहोटी लागलीय. पाणी इतकं उथळ की फेकलेला चहा वाहून जात नाही. जहाजाच्या कडेला गंजीसारखा साचतो. कामावरची पोरं चिखलात उतरून तो पाण्यात कालवताहेत. एकजण कोटाच्या अस्तरात चहा कोंबताना सापडतो. त्याचा कोट हिसकावून त्याला पिटाळून लावतात. बाकी कशालाच हात लागत नाही. धक्क्यावर शेकडो माणसं उभी आहेत, पण लाकूड फुटल्याशिवाय आवाज नाही. बंदरात ब्रिटिश युद्धनौका असून कुणी गोळी झाडत नाही. तीन तासांत ३४२ पेट्या, सुमारे ४२ टन चहा.

याच डार्टमाउथवरून गेल्या महिन्यात लंडनला छापलेल्या एका कवितासंग्रहाच्या प्रती आल्या. कवयित्री फिलिस व्हीटली, आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणलेली, याच गावात गुलाम म्हणून विकलेली आणि मघाच्या त्याच ओल्ड साउथ चर्चची सभासद. आत्ताच कुठे तिला मुक्ती मिळालीय. बोस्टनमध्ये इतर कितीतरी जण अजून गुलामच आहेत. स्वातंत्र्य हा शब्द आज रात्री तुम्ही शंभरदा ऐकला असेल. त्या माणसांसाठी तो कुणी उच्चारला नाही, आणि ते मनाला लागून राहतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, यांना नाही. जूनमध्ये पार्लमेंटच्या कायद्याने बंदर बंद होईल, खलाशी आणि गोदीकामगार बेकार होतील, दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ येईल तेव्हा चुली पेटतील. ह्यूजला यातलं काही ठाऊक नाही. तो डेक झाडतोय. जाताना माल नीट ठेवून जायचं, असं सगळ्यांचं ठरलंय.

घरी पोचल्यावर तुम्ही शेकोटीपुढे बूट काढता. आतून मूठभर ओली पानं पडतात. थॉमस मेलव्हिल नावाच्या तरुणाच्या बुटांतूनही आज अशीच पडतील आणि ती काचेच्या बाटलीत जपली जातील. तुमची मात्र, पहाटे कुणी दार वाजवायच्या आत, विस्तवात टाका.