सौंसरचा काळा दगड आणि मंगळ

सौंसर आणि पांढुर्णा ही नावे महाराष्ट्रात प्रथम संत्र्यांमुळे आठवतात. नागपूरच्या उत्तरेस लागून असलेले हे दोन तालुके बोलतात मराठी. परंतु १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हे मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. एवढ्याने त्यांची ओळख संपते असा पुष्कळांचा समज आहे. भूस्तरशास्त्राच्या ग्रंथांत मात्र सौंसरचे नाव निराळ्याच कारणाने अढळपणे बसले आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरलेल्या अतिप्राचीन खडकांच्या पट्ट्यास शास्त्रज्ञ ‘सौंसर गट’ म्हणतात, आणि या पट्ट्यातील मुख्य संपत्ती म्हणजे मँगनीजचे काळे खनिज होय.

पृथ्वीखेरीज अन्यत्र जीवसृष्टी आहे किंवा होती काय, या प्रश्नाचा शोध घेणारे लोक आज ज्या पुराव्यांकडे वळले आहेत, त्यांत या काळ्या खनिजाचाही समावेश आहे. सौंसरचा मंगळाशी असा संबंध येईल, हे शंभर वर्षांपूर्वी कोणास सांगितले असते तर ते थट्टेवारी गेले असते.

या भागातील मँगनीजचा व्यवहार जुना आहे. मध्य प्रांतात खनिजांचा शोध घेणारी एक ब्रिटिश मंडळी १८९६ साली स्थापन झाली. तिचाच वारसा पुढे १९६२ साली भारत सरकारच्या मँगनीज कंपनीकडे आला. पोलादास कणखरपणा आणण्यासाठी मँगनीज लागते, म्हणून युरोपातून त्यास मोठी मागणी होती. अशा काळात लुई ली फर्मोर हे तरुण भूस्तरशास्त्रज्ञ या खाणींतून हिंडले आणि १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवर त्यांनी एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. फर्मोर यांना नावे ठेवण्याची (चांगल्या अर्थाने) हौस होती. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या एका खडकास त्यांनी येथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हटले. ते नाव आज जगभर चालते. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथील खाणीत सापडलेल्या एका झळाळत्या काळ्या खनिजास त्यांनी ‘सीतापाराइट’ असे नाव दिले.

हे दुसरे नाव मात्र टिकले नाही. न्यूझीलंडचे ब्रायन मेसन या तरुण संशोधकाने १९४२ साली दाखवून दिले की, सीतापारचे खनिज म्हणजे अमेरिकेतील युटा प्रांतात त्यापूर्वीच सापडलेले आणि १८९७ साली नाव मिळालेले ‘बिक्सबाइट’च होय. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे आधीचे नाव राहिले आणि सीतापारचे गेले. योगायोग असा की, हेच मेसन पुढे आकाशातून पडणाऱ्या दगडांचे, म्हणजे अशनींचे, जगातील अग्रगण्य अभ्यासक झाले. ज्याने एका खेड्याचे नाव खनिजांच्या यादीतून काढले, त्याच्याविषयी राग धरण्याचे कारण नाही. पुरावा पाहून नाव मागे घेता येते, हाच या शास्त्राचा मोठेपणा आहे आणि जीवसृष्टीच्या शोधात त्याची गरज सर्वांत अधिक लागते.

आता मँगनीज आणि जीवन यांचा संबंध काय, ते पाहू. पाण्यात विरघळलेले मँगनीज डोळ्यांस दिसत नाही. काही विहिरींचे पाणी भरताना स्वच्छ दिसते, पण भांड्यात राहिले की त्यास काळपट-तपकिरी डाग पडू लागतात. ते बहुधा हवेतील प्राणवायूशी संयोग पावलेल्या मँगनीजचे असतात. लोखंड थोडक्या प्राणवायूनेही गंजते. मँगनीज तितके सहज वश होत नाही. त्याचे काळे ऑक्साइड व्हावयास परिस्थिती अधिक तीव्र असावी लागते. आरंभीच्या पृथ्वीवर मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो निर्माण केला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो वातावरणात साठू लागला. मँगनीजचे मोठे साठे बनले ते मुख्यतः त्या सुमारास व त्यानंतर. शिवाय काही जीवाणू स्वतःच मँगनीजचे ऑक्साइड बनविण्याच्या कामास वेग देतात. तेव्हा मँगनीजच्या मोठ्या साठ्यामागे पृथ्वीवर तरी बहुधा जीवांचा हात निघतो.

सौंसरच्या खडकांत मात्र त्या जीवांची शरीरे शोधून उपयोग नाही. पुरातन समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ पुढे जमिनीच्या पोटात दडपला गेला, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी भयंकर उष्णतेत व दाबाखाली भाजून निघाला, चुनखडीचा संगमरवर झाला. एवढ्या दाहात नाजूक जीवाची आकृती कशी उरणार? उरते ते रसायन. मंगळावरही शोधकापुढे नेमकी हीच अडचण आहे.

२०१२ साली या प्रदेशाने आकाशाचा दगडही पाहिला. पांढुर्ण्याच्या दक्षिणेस चाळीसएक किलोमीटरवर, त्याच नागपूर–इटारसी लोहमार्गावर, काटोल गाव आहे. २२ मे रोजी दुपारी दोनच्या सुमारास तेथे गडगडाट होऊन अशनींचा वर्षाव झाला. पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून होणारी गोटमार जगजाहीर आहे, पण हे गोटे कोणी माणसाने मारलेले नव्हते! गोळा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे तेरा किलो भरले. त्यांत पृथ्वीच्या गर्भात खोलवर असणारे ब्रिजमनाइट नावाचे खनिज असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. परंतु जीवनाच्या दृष्टीने हा अशनी मुका आहे. तो ज्या लघुग्रहाचा तुकडा, तो पूर्वीच फार तापून गेलेला होता. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सत्तरांहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले सापडली, तसे येथे काही नाही.

काटोलच्या वर्षावानंतर अडीच महिन्यांनी, ६ ऑगस्टला, अमेरिकेची क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावरील गेल विवरात उतरली. तेथील वालुकाश्माच्या भेगांत तिला काळे पदार्थ आढळले. काही ठिकाणी मँगनीज ऑक्साइडचे प्रमाण शेकडा पंचवीसहून अधिक होते. नीना लांझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली याचा अर्थ असा लावला की, मंगळावर एके काळी पाण्याबरोबर आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू असावा. प्राणवायू म्हणजे जीवन असे त्यांनी म्हटले नाही. पाण्याचे विघटन होऊनही प्राणवायू सुटतो, हे त्यांनी सांगितले. वृत्तपत्रांचे मथळे अर्थातच इतके सावध नसतात.

पुढे या साक्षीची उलटतपासणी झाली, ती एका भारतीयाच्या हातून. अमेरिकेतील सेंट लुईस येथे कौशिक मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मंगळासारखे पाणी प्रयोगशाळेत बनवून पाहिले. मंगळावर क्लोरिन व ब्रोमिन यांची संयुगे विपुल आहेत. ती प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने मँगनीजचे ऑक्साइड बनवितात, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जीव तर राहोच, प्राणवायूवाचूनही काळा दगड बनू शकतो.

असा हिशेब यापूर्वीही चुकला आहे. अंटार्क्टिकावर सापडलेल्या मंगळाच्या एका अशनीत जीवाणूंचे अवशेष असल्याची घोषणा १९९६ साली वाजतगाजत झाली. बहुतेक शास्त्रज्ञांनी ती पुढे मान्य केली नाही. महाराष्ट्राने याबाबतीत अधिक संयम दाखविला आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकाराने २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत ती स्वतंत्रपणे तपासली गेली. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती निघाल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन जाती नव्या होत्या. एकीस फ्रेड हॉइल यांचे, दुसरीस आर्यभटाचे आणि तिसरीस इस्रोचे नाव दिले गेले. हे जीव अंतराळातून आले असावेत, अशी नारळीकरांची मनापासूनची अटकळ होती. तरीही २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना, हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे स्पष्ट नमूद करण्यात आले.

गेल विवरातील एका प्राचीन सरोवराच्या काठच्या गाळातही मँगनीज आढळल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. मंगळावरील दुसऱ्या एका विवरातून पर्सिव्हिअरन्स या गाडीने खणून घेतलेल्या ठिपकेदार दगडास सप्टेंबर २०२५ मध्ये ‘जीवनाची संभाव्य खूण’ असे म्हटले गेले. त्यातील ‘संभाव्य’ हा शब्द शास्त्रज्ञांनी जाणूनबुजून घातला आहे. सौंसरच्या खडकांचे तुकडे कितीही प्रयोगशाळांत फोडून, दळून, पुनःपुन्हा तपासता येतात. ठिपक्यांचा तो दगड मात्र मंगळावर एका बंद नळीत आहे.