चाळीच्या जागी नवी इमारत : परवानग्या आणि तपासण्यांचा क्रम

दक्षिण व मध्य मुंबईत मोकळ्या भूखंडावर नवे घर बांधण्याचे प्रसंग विरळाच. गिरगावातील वाड्या, दादरच्या जुन्या इमारती, परळ-लालबागमधील चाळी यांच्या जागीच येथे नवे बांधकाम उभे राहते आणि त्या जागेवर कित्येक पिढ्यांपासून कुटुंबे नांदत असतात. त्यामुळे बांधकामाची परवानगी हा केवळ मालक आणि महापालिका यांच्यातील व्यवहार राहत नाही. खोली रिकामी करून भाड्याच्या जागेत किंवा संक्रमण शिबिरात गेलेला भाडेकरू परत येणार की नाही, हे या कागदपत्रांवर ठरते. कोणता कागद केव्हा मिळतो आणि त्याने नेमके काय साधते, याची माहिती रहिवाशांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इमारत उपकरप्राप्त आहे का?

१९६९ च्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना कायद्याने शहर भागातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविला. अशा १९,६४२ इमारतींची नोंद झाली होती. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतरच्या ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या 'ब' वर्गात आणि पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात मोडतात. त्यांपैकी १६,५०२ इमारती एकट्या 'अ' वर्गातील होत्या. आज या इमारतींचे काम म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पाहते.

सर्वच चाळी या व्यवस्थेत येत नाहीत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या. त्यांच्या पुनर्विकासाला स्वतंत्र नियम लागू आहे आणि वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. रहिवाशांनी पहिल्याच बैठकीत आपली इमारत कोणत्या नियमाखाली येते, हे लेखी विचारून घ्यावे.

म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र

उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमानुसार होतो. १९९१ च्या नियमावलीतील ही तरतूद २०१८ मध्ये लागू झालेल्या 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' मध्येही आहे. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, ती अट पुढे ५१ टक्क्यांवर आली. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर देणे बंधनकारक आहे.

महापालिकेकडे नकाशे जाण्यापूर्वी म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. या टप्प्यावरील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे भाडेकरूंची प्रमाणित यादी. तीत प्रत्येकाचे नाव, खोली क्रमांक आणि ताब्यातील क्षेत्रफळ असते. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेल्या भाडेहक्कांना लाभ मिळत नाही. दिवंगत आजोबांच्या नावावरील भाडेपावती वारसांनी वेळीच बदलून घेतली नसेल, तर अडचण याच ठिकाणी उभी राहते. इमारत पाडल्यावर मोजमाप करायला खोलीच उरत नाही, हे ध्यानात ठेवून यादीतील चूक आधीच दुरुस्त करून घ्यावी.

इमारत अतिधोकादायक ठरवून महापालिकेने १८८८ च्या महापालिका कायद्यातील कलम ३५४ खाली नोटीस दिली, तरी भाडेहक्क संपत नाही. मात्र रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक जागेचे मोजमाप नोंदले गेले आहे ना, याची खात्री करावी. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी आणि डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग १६ जुलै २०१९ रोजी कोसळून झालेली प्राणहानी पाहता, अशी नोटीस दडवून ठेवण्यात शहाणपण नाही.

आयओडी म्हणजे अंतिम परवानगी नव्हे

मालकाचा वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे ऑनलाइन प्रस्ताव दाखल करतो. सोबत मालमत्ता पत्रक, भूखंडाचा सी. एस. क्रमांक (उपनगरांत सी. टी. एस. क्रमांक), विकास आराखड्यातील आरक्षणाचा अभिप्राय आणि नकाशे असतात. जागेनुसार इतर संमतीही लागतात. गिरगाव किंवा दादर चौपाटीजवळ किनारा नियमन क्षेत्राचे नियम, खोताची वाडीसारख्या ठिकाणी वारसा समितीचे मत, रेल्वेमार्ग किंवा भुयारी मेट्रोलगत त्या त्या यंत्रणेचे ना हरकत पत्र आणि उंच इमारतीसाठी अग्निशमन दलाची मान्यता आवश्यक असते.

छाननीनंतर कलम ३४६ खाली मिळणाऱ्या पत्राला 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजेच आयओडी म्हणतात. नावाचा अर्थ नामंजुरीची सूचना असा असला, तरी व्यवहारात ती अटींसह दिलेली तात्त्विक मंजुरी असते. 'आयओडी आली, आता घरे रिकामी करा' असा आग्रह धरला जातो, तेव्हा तिच्यातील किती अटी पूर्ण झाल्या हे विचारणे रहिवाशांच्या हिताचे असते.

सीसी आणि जोत्याची तपासणी

प्रत्यक्ष काम सुरू करण्याचा अधिकार मिळतो तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखालील प्रारंभ प्रमाणपत्राने, म्हणजे सीसीने. ते सहसा प्रथम जोत्यापर्यंत दिले जाते. जोते पूर्ण झाल्यावर ते मंजूर नकाशाप्रमाणे, योग्य अंतरे सोडून बांधले आहे की नाही याची तपासणी होते आणि मगच वरच्या मजल्यांसाठी सीसी वाढवून मिळते. या प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असून ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. सीसी कोणत्या मजल्यापर्यंत आहे, ही नोंद पाहिल्याशिवाय 'परवानगी आहे' या शब्दांवर विसंबू नये.

वरळीच्या कॅम्पाकोला संकुलात १९८० च्या दशकात पाच मजल्यांच्या मंजुरीवर कितीतरी अधिक मजले चढविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या बेकायदा मजल्यांना संरक्षण नाकारले. दरम्यान तेथे कुटुंबांचे संसार उभे राहिले होते.

भोगवटा प्रमाणपत्र

काम संपल्यावर कलम ३५३ अ नुसार पूर्णत्वाची सूचना द्यावी लागते. संरचना अभियंत्याचा दाखला, अग्निशमन दलाची अंतिम मान्यता, उद्वाहनाचा परवाना, जलजोडणी व मलनिःसारणाची पूर्तता तपासून महापालिका भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी देते. ३३(७) खालील इमारतीत त्यापूर्वी म्हाडाचीही संमती लागते. पुनर्वसनाची घरे यादीप्रमाणे दिली आहेत का, हे पाहण्याची ती अखेरची संधी असते.

ताडदेवमधील एका ३४ मजली इमारतीच्या १७ ते ३४ या मजल्यांना ओसी नव्हते. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तेथील रहिवाशांना घरे रिकामी करण्यास सांगितले आणि १ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ओसीविना घेतलेली चावी किती तकलादू असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

रहिवाशांनी जपावयाचे कागद

भाडेपावत्या, वीजदेयके, खोलीचे मोजमाप, म्हाडाची प्रमाणित यादी, विकासकाशी झालेला नोंदणीकृत करारनामा, ना हरकत प्रमाणपत्र, आयओडी व सीसी यांच्या प्रती प्रत्येक कुटुंबाकडे असाव्यात. त्या मिळत नसल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घेता येतो. विक्रीच्या सदनिका असलेल्या प्रकल्पाचे तपशील महारेराच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. पर्यायी जागेचे भाडे कोण आणि किती काळ देणार, हे करारात स्पष्ट लिहून घेतल्यावरच जुन्या खोलीचा ताबा सोडावा.